कार्ब ठेवायचा की इंजेक्शन टाकायचं: जुन्या जिप्सीचा अनुभव

रामटेकहून परतताना कन्हानला चहासाठी दहा मिनिटं थांबलं, की पुढची वीस मिनिटं गाडी सुरू होत नव्हती. मे महिना, दुपारचे दोन, पारा ४५ च्या पुढे. गाडी १९९८ ची जिप्सी किंग. १२९८ सीसीचं आठ व्हॉल्व्हचं इंजिन, मूळचाच कार्बोरेटर, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणारा भाग (कार्ब). दुसरी तक्रार चढाची होती. नाल्याची दरड चढताना लो-फर्स्टमध्ये (फोर बाय फोरचा सगळ्यात हळू गिअर) निम्म्यावर इंजिन गुदमरायचं, पेट्रोलचा वास यायचा आणि गाडी बंद पडायची. तिसरी म्हणजे अर्ध्या थ्रॉटलला बसणारे झटके. ज्याला विचारावं तो एकच सांगायचा, "इंजेक्शन टाका."

इंजेक्शन म्हणजे पंपाच्या दाबाने पेट्रोल फवारणारी यंत्रणा. ती टाकायची तर दोन वाटा होत्या. मारुतीने २००० साली जिप्सीला एमपीएफआय (दर सिलिंडरला वेगळं इंजेक्शन) दिलं, पण त्याबरोबर इंजिनचा हेडही, म्हणजे व्हॉल्व्ह बसतात तो वरचा भागही, बदलला. तो सोळा व्हॉल्व्हचा आहे आणि ताकद ६० वरून ८० अश्वशक्तीवर गेली. त्याचा इनटेक मॅनिफोल्ड (हवा-पेट्रोल इंजिनात नेणारा भाग) आठ व्हॉल्व्हच्या हेडवर बसत नाही. म्हणजे भंगारातून नुसतं इंजेक्शन आणून चालत नाही. इंजिन, वायरिंग, ईसीयू (इंजेक्शनचा संगणक), टाकीतला पंप असं सगळंच आणावं लागतं. इंजिन बदललं की नंबर बदलतो, आणि मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे तो आरटीओकडून आरसीवर चढवून घ्यावा लागतो. आणलेल्या जुन्या इंजिनाचे कागद नसतील तर हा व्यवहार करूच नये. दुसरी वाट म्हणजे कार्बच्या जागी थ्रॉटल बॉडी इंजेक्शनचा किट. त्यात मॅनिफोल्ड आपलाच राहतो, पण पंप, रिटर्न लाइन, ऑक्सिजन सेन्सर आणि वायरिंग सगळं नवं येतं.

खर्चाला हात घालण्याआधी तिन्ही तक्रारींचं मूळ शोधायचं ठरवलं. ओळखीच्या मिस्त्रीने पहिल्याच दिवशी सांगितलं, "भाऊ, कार्ब खराब नाही, पेट्रोल उकळून राहिलं." त्याचं म्हणणं तपासायची रीत सोपी आहे. तापलेली गाडी बंद करा, पाच मिनिटं थांबा, एअर क्लीनरचं झाकण काढा आणि टॉर्चने कार्बच्या घशात बघा. सेल मारायचा नाही, बिडी-सिगारेट जवळ नको. माझ्या गाडीत मेन नोझलच्या (पेट्रोल घशात सोडणाऱ्या नळीच्या) टोकावर थेंब फुगत होता, सुटून खाली थ्रॉटलच्या पाकळीवर पडत होता आणि तिथेच वाफ होऊन वर येत होता. दर दोन-तीन सेकंदांनी एक थेंब. कार्बच्या वाटीतलं, म्हणजे पेट्रोल साठतं त्या छोट्या कप्प्यातलं, पेट्रोल उकळून नोझलमधून बाहेर ढकललं जात होतं आणि मॅनिफोल्ड पेट्रोलच्या वाफेने भरत होता.

इथे बरेच जण फसतात. वाटी उकळणं आणि व्हेपर लॉक हे दोन वेगळे आजार आहेत. व्हेपर लॉकमध्ये वाफ पंपात किंवा नळीत अडकते आणि वाटी रिकामी पडते. ज्या कार्बला वाटीवर काच असते तिथे पातळी खाली गेलेली दिसते. तेव्हा पंपावर ओलं फडकं टाकून गाडी सुरू होते. वाटी उकळली असेल तर ओल्या फडक्याचा उपयोग नाही. अॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरायचा आणि सेल मारायचा. दाबून सोडायचा नाही, दर दाबाला अॅक्सिलरेटर पंप आणखी पेट्रोल आत फेकतो. हे कळल्यावर वीस मिनिटांचा थांबा अर्ध्या मिनिटावर आला. तेव्हा गाडीत एकही नवा पार्ट पडलेला नव्हता.

हा त्रास अलीकडे वाढला त्याला पेट्रोलही कारण आहे. पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं. ते मधल्या तापमानाला साध्या पेट्रोलपेक्षा लवकर वाफ होतं. खात्री करायची तर १०० मिलीच्या काचेच्या मोजपात्रात ९० मिली पेट्रोल आणि १० मिली पाणी घ्या, हलवा आणि थांबा. इथेनॉल पाण्यात उतरतो, म्हणून खालचा थर १० चा साधारण २८ मिली होतो. हे उघड्यावर, सावलीत करायचं.

अर्ध्या थ्रॉटलचे झटकेही त्याच पेट्रोलचे. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे वजनाने १४.७ भाग हवा लागते, २० टक्क्यांच्या मिश्रणाला साधारण १३.५. इंजेक्शनची गाडी ऑक्सिजन सेन्सरवरून हा फरक स्वतः भरून काढते. कार्बला ते कळत नाही. तो जुन्या हिशोबानेच पेट्रोल देत राहतो आणि मिश्रण आठ-नऊ टक्के लीन होतं, म्हणजे पेट्रोल तेवढं कमी पडतं. कार्बमध्ये पेट्रोल मोजून सोडतो तो जेट. त्याच्या भोकाचं क्षेत्रफळ तेवढं वाढवायचं म्हणजे व्यास ४ टक्के वाढवायचा. १०० नंबरचा जेट म्हणजे १ मिलिमीटरचं भोक, तर १०४ हवा. बाजारात १०२.५ आणि १०५ मिळतात. मी १०५ घातला, वीस किलोमीटर चालवून प्लग काढले, पांढरट होते ते विटकरी झाले. जेट ड्रिलने मोठा करू नका. भोकाच्या तोंडाचा उतार बिघडला की नंबर निरर्थक होतो. चिखलदऱ्याला गेलं की, नागपूरपेक्षा ८०० मीटर वर, विरळ हवेमुळे मिश्रण आपोआप चारेक टक्के रिच होतं, म्हणजे पेट्रोल जास्त होतं. तिथे मोठा जेट थोडा जड वाटतो, पण गाडी अडत नाही.

आयडलचा स्क्रू पीयूसीवाल्याच्या मशीनवर लावून घेतला. बीएस-२ या प्रदूषण निकषाच्या आधीच्या चारचाकीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आहे. स्क्रू पाव-पाव फेरा फिरवत १.५ च्या आसपास आणला. आकडा समोर दिसत असताना कान लावून सेटिंग करण्यात अर्थ नाही.

उकळण्यावरचं काम असं झालं. कार्ब आणि मॅनिफोल्डच्या मध्ये उष्णता अडवणारा बेकेलाइटचा १० मिलिमीटरचा स्पेसर, दोन्ही बाजूंना नवं पॅकिंग. त्याआधी बॉनेटच्या आतल्या बाजूला आणि एअर क्लीनरवर ओल्या मातीचा गोळा ठेवून बॉनेट बंद करून जागा मोजली, आणि स्टड तेवढे लांब घेतले. कार्बचे नट हाताने समान आवळायचे, एका बाजूने दाबले तर तळ वाकतो आणि हवा ओढतो. मेकॅनिकल पंपाला तीन नळ्या असतात, येणारी, जाणारी आणि टाकीकडे परतणारी. परतणारी नळी तोंडाने फुंकून पाहिली तर बंद. आत रबराचा काळा चिखल. जुनं रबर इथेनॉलने सुजतं आणि सुटतं. ही नळी उघडी असली की गरम पेट्रोल फिरत राहतं, ती बंद असली की तेच पेट्रोल पंपाशी तापत बसतं. सगळे पाइप विटन अस्तराचे, एसएई जे३०आर९ लिहिलेले घेतले, आणि क्लिपा खाचा नसलेल्या. वाटी उघडली तेव्हा तळाशी पांढरी पूड बसलेली होती, पिठासारखी. हा धातूचा गंज. पावसाळाभर गाडी उभी राहते आणि इथेनॉल हवेतलं पाणी ओढतो, त्याचा परिणाम. आता जूनमध्ये गाडी लावताना वाटी रिकामी करतो.

चढाची तक्रार ही कार्बची खरी मर्यादा आहे, तिथे इंजेक्शनच सरस. हिशोब बघा. वाटीच्या मध्यापासून नोझल २५ मिलिमीटरवर असेल, तर ३० अंशांच्या चढावर पेट्रोलची पातळी नोझलपाशी १४ मिलिमीटरने सरकते. नोझलचं तोंड मात्र पातळीच्या जेमतेम ३ ते ६ मिलिमीटर वर असतं. म्हणून आपल्या कार्बची वाटी कोणत्या बाजूला आहे ते आधी बघा. वाटी पुढे असेल तर चढाला पेट्रोल घशात सांडतं आणि उताराला कमी पडतं. मागे असेल तर उलट.

माझी चढाला सांडत होती. फ्लोटची (वाटीत तरंगून पातळी राखणाऱ्या भागाची) पट्टी वाकवून पातळी २ मिलिमीटर खाली घेतली, निडल आणि सीट (वाटीत पेट्रोल सोडणारी झडप) नवी टाकली. वाटीच्या हवेच्या नळीला तुकडा जोडून तिचं तोंड उंच नेलं, म्हणजे हेलकाव्याला पेट्रोल तिथून घशात येत नाही. पातळी उतरवल्याने उताराला गाडी लवकर लीन होते, हे मान्य करून घेतलं. उताराला थ्रॉटल बंदच असतो आणि लो-फर्स्टमध्ये चाकं इंजिनाला फिरवत ठेवतात. चढावर बंद पडलेली गाडी जास्त धोक्याची. दोनाहून जास्त उतरवू नका, मग सपाटीवर पूर्ण थ्रॉटलला वाटी रिकामी पडते.

आता इंजेक्शनची बाजू. तीन बारच्या दाबाखाली पेट्रोल सहज उकळत नाही, उतार-चढाची पर्वा नाही, इथेनॉलचा हिशोब आपोआप होतो. पण चढाचा प्रश्न वाटीतून टाकीत जातो. पाव टाकी पेट्रोल असताना गाडी कलली की पंपाचं तोंड हवेत येतं आणि इंजिन त्याच क्षणी बंद पडतं. कार्बच्या वाटीत ५० मिली साठा असतो. आयडलला तासाला लिटरभर धरलं तर तीन मिनिटं निघतात. म्हणून किट टाकताना टाकीत आडपडदे किंवा लिटर-दीड लिटरचा सर्ज टँक (पंपासाठी पेट्रोल राखून ठेवणारी छोटी टाकी) लागतोच. पंप पेट्रोलनेच थंड होतो, त्यामुळे मे महिन्यात रिझर्व्हवर फिरणं त्याला मारक. गाडी उलटली तर पंप थांबला पाहिजे, त्यासाठी रिले आणि इनर्शिया स्विच (धक्का बसताच वीज तोडणारा) हवा. मेकॅनिकल पंप इंजिनाबरोबर आपोआप थांबतो.

सगळ्यात जास्त किट वायरिंगमुळे बदनाम होतात. सेल मारताना इंजिन ब्लॉक आणि बॅटरीच्या निगेटिव्हमध्ये मीटर लावा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ, म्हणजे अर्थिंगची जोडणी, खराब आहे. माझ्या गाडीत ०.६ होतं. सेल मारताना बॅटरीचे व्होल्ट फार खाली गेले की ईसीयू झोपतो, आणि त्या अर्थवर किट बसवला असता तर दोष किटवर गेला असता. अर्थची नवी २५ चौरस मिलिमीटरची केबल टाकली, आता ०.१ येतं.

हे सगळं झाल्यावर कार्बच ठेवला. तिन्ही तक्रारींतल्या दोन पूर्ण गेल्या, चढाची साधारण २५ अंशांपर्यंत गेली, आणि खिंडसीच्या आसपासच्या वाटांना किंवा पेंचकडच्या नाल्यांना त्याहून जास्त क्वचितच लागतं. बॅटरी बसली तरी दोन माणसं ढकलून गाडी सुरू करतात. इंजेक्शनला पंपापुरती तरी वीज लागतेच. मात्र कोणी आज जिप्सी विकत घ्यायला निघाला असेल तर त्याला मी २००० नंतरची एमपीएफआयच घ्यायला सांगेन. कंपनीतून आलेलं इंजेक्शन आणि नंतर बसवलेलं इंजेक्शन यांत फार अंतर आहे.

यंदा नवतपात, म्हणजे मेअखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, कन्हानला तोच थांबा घेतला. बॉनेट उघडून घशात टॉर्च मारला. दहा मिनिटांत नोझलवर एक थेंब आला, सुटला नाही. तरीही डॅशबोर्डच्या कप्प्यात निडल-सीट, अॅक्सिलरेटर पंपाचा डायफ्राम, मीटरभर पाइप, चार क्लिपा आणि जुना १०० चा जेट ठेवलेला असतो.