हेडलाईट मिणमिण करत होते त्याची गोष्ट

मागच्या डिसेंबरात काटोलहून रात्री परत येऊन राहिलो होतो, बायको आणि पोरगी मागे झोपलेल्या, आणि रस्त्यावर संत्र्याची ट्रॉली उभी आहे हे मला ती पार अंगावर आल्यावर दिसलं. ट्रॉलीला ना मागचा लाईट ना रिफ्लेक्टर, हे कबूल, पण आपल्या गाडीचा उजेड तरी काय, देवघरातली समई बरी. करकचून ब्रेक मारला, वाचलो. बायको दचकून उठली आणि एवढंच म्हणाली, "आधी या लाईटचं पाहा, नाहीतर पुढच्या वेळी मी एसटीनं येईन."

गाडी 2008 ची, सेकंडहँड घेतलेली. खाली दोन फॉग लाईट आहेत, ते आधीच्या मालकानं बाहेरून बसवलेले. ते लावले की खाली पिवळट काहीतरी दिसायचं आणि वरचे हेडलाईट उलट अजून बसायचे. हे मला कितीतरी दिवस दिसत होतं पण डोक्यात काही शिरत नव्हतं, बॅटरी म्हातारी झाली असेल म्हणून सोडून द्यायचो.

पहिलं काम केलं ते सगळे करतात तेच, नवीन बल्ब. एच4 प्रकारचे, 60/55 वॅटचे, म्हणजे लांबच्या उजेडाला (अप्पर) 60 आणि जवळच्याला (डिपर) 55, चांगल्या कंपनीचे. फरक शून्य. दुकानदार म्हणाला 100/90 टाका भाऊ, दिवस उगवतो बघा. मी जवळजवळ घेतलेच होते. तेवढ्यात त्यानं एलईडीही दाखवला, पण हॅलोजनसाठी बनलेल्या रिफ्लेक्टरमध्ये एलईडी टाकला की उजेड कुठंही फेकतो आणि समोरच्याच्या डोळ्यात जातो, रोज असे आंधळे करणारे भेटतातच, म्हणून तो नको म्हटलं.

मग काचा. काच म्हणतो आपण, पण ते असतं पॉलिकार्बोनेट. वरून उन्हातल्या यूव्ही किरणांपासून वाचवणारा कंपनीचा थर असतो, आणि गाडी वर्षानुवर्षं नागपूरच्या मे महिन्यात उघड्यावर उभी राहिली की तो थर जातो आणि खालचं प्लास्टिक पिवळं पडतं. टूथपेस्ट घासून पाहिली होती मागे, महिनाभरात जैसे थे. यावेळी नीट केलं, बाजूनं पत्र्यावर टेप लावला, 1000, मग 2000, मग 3000 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून घासला. आधी हळदीच्या दुधासारखं पिवळं पाणी निघतं आणि काच अशी धुरकट होते की वाटतं झालं, वाट लावली आपण. घाबरायचं नाही, शेवटी पॉलिशचं कंपाऊंड मारलं की साफ होते. वरून यूव्ही क्लिअर कोट मारायलाच लागतो, नाहीतर एका उन्हाळ्यात परत पिवळी. उजेड थोडा वाढला. थोडाच.

आता वायरिंगच राहिलं म्हणून नागपूरच्या बर्डीवरून एक स्वस्तातला मल्टिमीटर, म्हणजे व्होल्टेज मोजायचा मीटर, आणला. बल्बचा होल्डर काढला, लाईट चालू केले, होल्डरच्या पिनांत मीटरचे प्रोब (वायरींची टोकं) घातले, बारा व्होल्टच्या वर. म्हटलं वायरिंग एकदम ओके. दोन दिवस याच भ्रमात होतो. शेजारचे काका एमएसईबीतून रिटायर झालेले, संध्याकाळी फिरून येताना थांबले आणि हसायलाच लागले. "अरे बाबू, होल्डर काढून मोजशीन तर पूर्णच दाखवीन नं ते! करंट कुठी वाहून राह्यला? नळ बंद असला की पाईपात प्रेशर असतेच, उघडल्यावर धार पाय ना."

मग त्यांच्या देखरेखीत परत मोजलं, इंजिन चालू, डिपर चालू, होल्डर बल्बलाच लावलेला आणि मागच्या बाजूनं वायरीच्या भोकातून प्रोब आत सरकवलेला. बॅटरीवर 13.9, बल्बवर 11.4. अडीच व्होल्ट रस्त्यातच गायब! काका म्हणाले आता चोर कोणत्या बाजूचा ते पाहू. एक प्रोब बॅटरीच्या प्लसवर, दुसरा बल्बच्या प्लस पिनवर, 1.6. मग एक बॅटरीच्या मायनसवर, दुसरा बल्बच्या अर्थ (मायनसच्या) पिनवर, 0.9. बेरीज अडीच. हिशोब जुळला म्हणून काका एवढे खूश की चहा सांगितला त्यांनी घरी. अर्थच्या बाजूला 0.2 च्या वर जायला नको म्हणे, प्लसला अर्ध्याच्या आत. फॉग लाईट चालू केले तर बल्बवर थेट 10.2 वर आलं.

हॅलोजनचं असं असतं की व्होल्टेज दहा टक्के कमी झालं तर उजेड जवळपास तीस टक्के कमी होतो. म्हणजे माझे हेडलाईट निम्म्या उजेडावर चालले होते, आणि त्यात 100/90 टाकले असते तर त्याच बारीक वायरीतून जास्त करंट, रस्त्यात अजून व्होल्ट गायब, आणि होल्डर वितळला असता. तसाही तो एका बाजूनं तपकिरी झालाच होता.

अर्थचा बोल्ट बॅटरीच्या ट्रेखाली निघाला. थिंबलवर (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या कडीवर) हिरवी-पांढरी भुकटी, खाली गंज, आणि हेडलाईट आणि फॉग दोघांचीही अर्थ त्याच एका बोल्टवर कोंबलेली. बॅटरीची मायनस काढली, पत्रा चकाकेपर्यंत घासला, नवीन थिंबल दाबली, फॉगला वेगळा बोल्ट दिला, वरून व्हॅसलीन. 0.9 चे 0.1 झाले. एवढ्या वीस मिनिटांच्या कामानं पडलेला फरक डोळ्यांना दिसत होता.

प्लसच्या बाजूचं मात्र माझ्या आवाक्यातलं नव्हतं. फॉगची वायर काळ्या टेपखाली हेडलाईटच्याच वायरीला सोलून गुंडाळलेली, टेप गरमीनं चिकट गूळ झालेला, मधे रिले (थोड्या करंटवर चालून मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) नाही, वेगळा फ्यूज नाही. म्हणजे चारही दिव्यांचा करंट स्टिअरिंगजवळच्या त्या बिचाऱ्या जुन्या स्विचमधून. नागपूरजवळच्या वाडीला एका ऑटो इलेक्ट्रिशियनकडे गेलो आणि समोर उभं राहून करून घेतलं, डिपरला एक, अप्परला एक, फॉगला एक असे तीन रिले. जुनी वायर फक्त रिलेला चालू कर म्हणून सांगते, खरा करंट बॅटरीवरून फ्यूज घेऊन 2.5 एमएमच्या जाड वायरीनं सरळ बल्बला. फ्यूज बॅटरीजवळच लावायला लावला, तो आधी बल्बजवळ लावत होता, पण मग मधली वायर कुठं घासून शॉर्ट झाली तर आग. आता बल्बवर 13.5.

फॉगचे दिवे मात्र गेलेलेच होते, एकात पाणी आणि दुसऱ्याचा रिफ्लेक्टर गंजलेला, जोडीच बदलली. ते खाली आणि झुकलेलेच ठेवायचे असतात, धुक्यात वर मारलेला उजेड परत आपल्याच डोळ्यांवर येतो.

पहिल्याच रात्री अमरावती रोडवर समोरचे ट्रकवाले मला लाईट चमकवून खुणा करून राहिले, तेव्हा कळलं की हेडलाईटचा नेम वर गेलाय, घरी भिंतीसमोर गाडी लावून मागचे स्क्रू फिरवून खाली घेतला. आता व्हेरायटी चौकात सिग्नलला एसी लावून उभा राहिलो की लाईट जरासे बसतात अजून, रेस दिली की वर येतात. काका म्हणतात अल्टरनेटरचा बेल्ट पाहून घे. रविवारी पाहतो.