ताहोला हिवाळ्यात जाताना: आधी रस्ता, मग स्की

अमेरिकेत कॅलिफोर्निया-नेवाडाच्या सीमेवरच्या ताहो सरोवराची हिवाळी सहल ठरवताना सगळ्यात आधी उत्तर की दक्षिण ते पक्कं करा. स्कीची ठिकाणं अशी: उत्तरेला पॅलिसेड्स (१९६० चं हिवाळी ऑलिंपिक इथलंच) आणि नॉर्थस्टार, दक्षिणेला हेवनली, त्याच्याही खाली कर्कवुड. नकाशावर हे सगळं जवळजवळ दिसतं, पण हिमस्खलनाच्या धोक्यामुळे पश्चिम किनाऱ्याचा हायवे ८९ एमराल्ड बेपाशी बंद झाला की नेवाडातून वळसा घालावा लागतो. स्कीचा पासही बघून घ्या: हेवनली, नॉर्थस्टार, कर्कवुड ‘एपिक’ पासवर, पॅलिसेड्स ‘आयकॉन’ पासवर.

खरी परीक्षा घाटात. आय-८० वर डॉनर समिट ७,२३९ फूट, हायवे ५० वर इको समिट ७,३८२ फूट. बर्फ सुरू झाला की कॅलट्रान्स (कॅलिफोर्नियाचं रस्ते-वाहतूक खातं) टायरवर लावायच्या बर्फाच्या साखळ्यांचे, म्हणजे चेनचे, आर-१, आर-२, आर-३ असे चढत्या कडकपणाचे नियम लावतं. आर-२ मध्ये चेन न लावता फक्त फोर-व्हील किंवा ऑल-व्हील ड्राइव्ह गाडी सोडतात, तीही चारही टायर स्नोचे असतील तर. आणि तरीही चेन डिकीत हवीच. आर-३ ला कुणालाच सूट नाही. टायरच्या बाजूला ‘एम प्लस एस’ (चिखल-बर्फाच्या टायरची खूण) लिहिलंय का, ते स्वतः वाकून बघा. भाड्याच्या गाडीवर तर नक्कीच, कारण बऱ्याच कंपन्यांच्या करारात चेन लावायला मनाई असते.

चेन टायरवरच्या आकड्यांनुसार घ्या आणि निघण्यापूर्वी एकदा कोरड्या जागी लावून पाहा. अंधारात, ओल्या हातमोज्यांनी पहिल्यांदाच लावायला गेलात तर गुंता ठरलेला. फ्रंट-व्हील ड्राइव्हला पुढच्या चाकांवर लावायच्या. थोडं अंतर जाऊन पुन्हा आवळा. सैल चेन सुटून चाकाच्या आतल्या भागांवर आपटते. चेन सक्तीच्या असलेल्या पट्ट्यात वेग ताशी २५-३० मैल.

फोनवरचा नकाशा ‘जवळची वाट’ म्हणून आडरस्त्याला पाठवतो. तिथे बर्फ उपसलेला नसतो, तेव्हा ते अजिबात ऐकू नका, कॅलट्रान्सचा रस्त्यांची स्थिती दाखवणारा ‘क्विकमॅप’ नकाशा बघा. टाकी निम्म्याखाली जाऊ देऊ नका, पाणी आणि पांघरुणं गाडीतच ठेवा. रस्ता तासन् तास बंद राहू शकतो.

वादळाच्या दिवशी वाऱ्यामुळे वरच्या लिफ्ट थांबतात, म्हणून स्कीसाठी त्यानंतरची सकाळ धरा. पॅसिफिककडून येणारा बर्फ बऱ्याचदा ओला, जड असतो. त्याला ‘सिएरा सिमेंट’ म्हणतात, आणि नवशिक्याचे गुडघे त्यात लवकर दमतात. सरोवर मात्र गोठत नाही, ते १,६४५ फूट खोल आहे. पांढऱ्या उतारावरून ते निळं पाणी बघायला एक दुपार मोकळी ठेवा.