टिकलीचा पहिला हिवाळा: तणस, कोंडा आणि दोरीचं माप

दिवाळीच्या पाडव्याला टिकली घरी आली तेव्हा साडेसहा महिन्यांचं शिंगरू होती, म्हणजे घोड्याचं पिल्लू. कपाळावर पांढरा ठिपका, म्हणून टिकली. आई वरातीत जाणारी गावठी घोडी, उंचीला चार फूट तीन इंच. बाप भीमथडी जातीचा घोडा असल्याचं विकणाऱ्यानं सांगितलं, ते मी निम्मंच धरलं आहे. आता फेब्रुवारी संपत आला. या हिवाळ्यात तिला काय खाऊ घातलं आणि कुठे माती खाल्ली, ते मापांसकट लिहून ठेवतो.

वजनकाटा आमच्याकडे नाही, म्हणून दोरी आणि टेप. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंत लांबी घ्यायची, दोन्ही सेंटिमीटरमध्ये. घेराला घेरानं गुणायचं, मग लांबीनं गुणायचं, आणि ११,८८० नं भागायचं. येतं ते किलोत वजन. सूत्र मोठ्या घोड्यांचं आहे, शिंगराचं वजन त्यात थोडं कमीच निघतं. पण मला खरं वजन नको, वाढ हवी होती. पाडव्याचं माप: घेर १०६, लांबी १०१. म्हणजे साडेपंचाण्णव किलो.

आमचा भंडारा जिल्ह्यातला पवनी तालुका धानाचा. दिवाळीनंतर दर घरापुढे तणशीचा (धानाच्या पेंढ्याचा) ढीग आणि गिरणीतून आलेलं कोंड्याचं पोतं. गोठ्यात दोन म्हशी, त्यांच्याच गव्हाणीत टिकलीची सोय केली. दिवसभर तणस, सकाळ-संध्याकाळ कोंडा, वर गुळाचा खडा. बाबांचं म्हणणं सरळ होतं, "म्हशी पोसल्या ना जी याच्यावर? मग घोड्याले काय सोनं लागते?" मलाही ते पटलं होतं.

महिनाभरानं पोट छान टरारलं. येणारा-जाणारा म्हणे, तब्येत धरली पोरीनं. २० डिसेंबरला दोरी लावली तर घेर १०७, लांबी १०३. नव्याण्णव किलो. दीड महिन्यात चार किलोसुद्धा नाही! सहा महिन्यांचं शिंगरू मोठेपणीच्या वजनाच्या साधारण ४५ टक्के असतं आणि वर्षाचं होईतो ६५ टक्क्यांच्या आसपास जातं. टिकलीच्या आईचं वजन सव्वादोनशे धरलं तर रोज पाव किलोच्या जवळपास भर पडायला हवी होती.

मग हात लावून बघितलं. हे आधीच करायला हवं होतं. हिवाळ्यात शिंगराच्या अंगावर इतके दाट केस येतात की डोळ्यांना ते गुबगुबीत दिसतं. बोटं पसरून केसांखाली दाबली तर फासळ्या एकेक मोजता आल्या, पाठीचा कणाही टोचला. खाली पोट मात्र घागरीसारखं. ते तणशीचं पोट, अंगावर मांस नव्हतंच.

म्हशीचं आणि घोड्याचं गणित इथेच वेगळं होतं. म्हशीचं आंबवणाचं पोट पुढे असतं. तिथले जंतू तणस फोडतात आणि पुढच्या आतड्यात ते जंतूच पचून म्हशीला प्रथिनं देतात. घोड्याचं आंबवण मागच्या मोठ्या आतड्यात. तिथं झालेली जंतूंची प्रथिनं बहुतेक लिदीतून बाहेर जातात. म्हणून वाढत्या शिंगराला चांगलं प्रथिन तोंडातूनच द्यावं लागतं, आणि तणशीत ते जेमतेम तीन-चार टक्के. त्यात तणशीतलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. म्हशीच्या पोटातले जंतू ते बरंचसं फोडतात, घोड्याला ती सोय तोकडी. आणि कोंड्यात फॉस्फरस कॅल्शियमच्या दहापट. वाढत्या घोड्याला कॅल्शियम फॉस्फरसच्या साधारण दीडपट-दुप्पट लागतं, उलटं तर कधीच चालत नाही. उलटं झालं की शरीर हाडांतून कॅल्शियम ओढतं, आणि फार दिवस चाललं तर तोंडाची हाडं फुगून मऊ पडतात. मी नेमकी तीच जोडी रोज पाटीनं घालत होतो.

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आणखी एक झटका बसला. रात्री चांगलीच थंडी होती. सकाळी ठाणावर रोजच्या निम्मीही लीद नव्हती. एक गोळा उचलून तळहातावर फोडला तर आत कोरडा, सुपारीसारखा, तणशीचे लांब धागे तसेच. टिकली मान वळवून पोटाकडे बघत होती. बाबा तेलाची बाटली घेऊन आले, मी थांबवलं. घोड्याला बाटलीनं तेल पाजलं आणि ते फुप्फुसात गेलं तर पोटदुखी परवडली म्हणायची वेळ येते. आणि घोड्याला उलटी होत नाही, आत गेलं ते गेलं. डॉक्टर आले, नाकातून नळी घालून औषध दिलं, दुपारी चार वाजता लीद पडली. इतक्या आनंदानं लीद बघितल्याचं मला आठवत नाही. जंताचं औषधही तेव्हाच झालं.

कारण निघालं पाणी. सिमेंटच्या टाक्यातलं रात्रभर थंडावलेलं पाणी ती दोन घोट पिऊन सोडत होती. कोरडी तणस आणि वर पाणी कमी. आता पहाटे विहिरीतून ताजं काढतो. हिवाळ्यात विहिरीचं पाणी कोमट असतं, बादलीतून वाफ निघते. ती अर्धी बादली एका दमात संपवते.

थंडीचं म्हणाल तर तिची भीती आपण उगाच बाळगतो. २०१८ च्या डिसेंबरात नागपुरात पारा साडेतीनवर गेला होता, पण तसं एखाद्याच वर्षी. एरवीच्या आपल्या रात्री केसाळ, कोरड्या, वाऱ्याआड बांधलेल्या शिंगराला सोसतात. झूल मी घेतली नाही. चारा पचताना मागच्या आतड्यात जी ऊब तयार होते तीच त्याची शेकोटी, म्हणून रात्रीची गव्हाण भरलेली ठेवायची, बस.

नवा खुराक एकदम नाही, दहा दिवसांत थोडाथोडा बदलला. सध्याचं रोजचं असं: धुऱ्यावरचं वाळलेलं गवत दीड-पावणेदोन किलो, दिवसात चार वेळा विभागून. हिरवा लसूणघास चार किलो. तो पाडव्यानंतरच तीन गुंठ्यांत पेरला होता, म्हशींच्या नावानं. पहिली कापणी दोन महिन्यांनी आली, आता २५-३० दिवसांनी एकेक. त्यातून प्रथिनही येतं आणि कॅल्शियमही. रात्रभर भिजवून भरडलेला हरभरा पाव किलो, भाजून भरडलेलं सोयाबीन दीडशे ग्रॅम. सोयाबीन कच्चं द्यायचं नाही, त्यात प्रथिन पचू न देणारा घटक असतो, तो भाजल्यानं जातो. वाढीला लागणारं लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक घटक, यात भरपूर. मीठ अर्धी मूठ आणि पशुखाद्याची चुनखडी दोन चमचे. पानाचा चुना नव्हे! कोंडा बंद. तणस खाली अंथरायला.

जवस मूठभर, पण भरपूर पाण्यात खळखळ उकळून. नुसत्या कोमट पाण्यात भिजवलं तर त्यात सायनाइड सुटतं. शिजलं की बुळबुळीत होतं आणि टिकली ओठ पुसूनपुसून खाते. केसांवर चकाकी आली ती जवसानं, असं माझं मत.

जवस आमच्याकडे धानाच्या बांधीतच निघतं, उतेऱ्याचं, म्हणजे धान उभं असतानाच पेरलेलं. त्याच बांधीत लाखोळीही (लाखेच्या डाळीचं पीक) असते, आणि ती घोड्याच्या वाट्याला बिलकूल नको. जानेवारीअखेर शेजारच्या काकू टोपलीभर कोवळी लाखोळी घेऊन आल्या, "लेकरू आहे, खाऊ दे न जी." मी ती म्हशींकडे वळवली. लाखोळीतल्या विषाला घोडा फार हळवा असतो. खूप दिवस खाल्ली तर मागचे पाय ताठरतात आणि गळ्याच्या नसा लुळ्या पडून धावताना घोडा घोरल्यासारखा श्वास घेतो. विष दाण्यातही असतं आणि कोवळ्या पाल्यातही. रतन, प्रतीक अशी कमी विषाची वाणं आहेत, पण टोपलीतली कोणती ते कोण सांगणार? काकू थोड्या रुसल्या. दुसऱ्या दिवशी गाजरं आणली, ती लांब फोडी करून दिली.

मापं: १५ जानेवारीला घेर ११०, लांबी १०५, १०७ किलो. काल २६ फेब्रुवारीला घेर ११४, लांबी १०८, ११८ किलो. नवा खुराक लागल्यापासून रोज पाव किलोला धरून चालली आहे. याहून जोरात वाढवायचं नाही. दाणा चढवून शिंगरू फुगवलं की वाढत्या सांध्यांवर ताण येतो.

या आठवड्यापासून खराऱ्यात केसांचे पुंजके निघू लागलेत. गोठ्यामागे चिमण्या ते चोचीत घेऊन पळतात. केसांखाली फासळ्या अजून बोटांना लागतात, डोळ्यांना दिसत नाहीत. पोट आत गेलंय. हरभऱ्याचं नवं कुटार (मळणीनंतरचा भुसा) मार्चमध्ये येईल, ते चाळून, धूळ काढून, गवतात पावशेरानं सुरू करणार आहे. पुढचं माप १५ मार्चला.