अंगावरचे दूध आणि गोळ्यांची भीती

आमच्या सांगलीकडे बाळंतिणीला ताप आला की घरातली वडीलधारी मंडळी आधी बाळाला अंगावर पाजणे थांबवायला सांगतात. वास्तविक पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन दुधात इतक्या अल्प प्रमाणात उतरते की नेहमीच्या मात्रेत ही औषधे स्तनपानाच्या काळात सुरक्षित मानली जातात. कोडीन या वेदनाशामक औषधाचे मात्र तसे नाही. काही स्त्रियांच्या शरीरात त्याचे मॉर्फिनमध्ये फार वेगाने रूपांतर होते, ते दुधावाटे बाळापर्यंत पोहोचून त्याचा श्वास मंदावू शकतो, आणि म्हणूनच अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१७ मध्ये स्तनदा मातांनी कोडीन घेऊ नये, असा इशारा दिला. सर्दीच्या काही गोळ्यांतील स्यूडोएफेड्रिनने तर दूधच कमी होऊ शकते, त्यामुळे बाळ अंगावर पिते हे औषधाच्या दुकानात आपणहून सांगावे. तिथे ते विचारले जाईलच, असा माझा तरी अनुभव नाही.