चमच्यातला च

परवा भर दुपारी रिक्षात बसलो होतो. फोनमधली रस्ता सांगणारी बाई म्हणाली, "चिंचवड." दोन्ही च चहातले! रिक्षावाला ढिम्म. मी मात्र मनातल्या मनात दुरुस्ती करून मोकळा : बाई, पहिला चहातला, दुसरा चमच्यातला. जुनं दुखणं आहे माझं.

चिंचेत दोन्ही च सुखानं नांदतात. 'चिंचेचा' म्हणून बघा, दोन चहातले आणि शेवटी एक चमच्यातला. चमचा तरी कुठे एकवचनी? 'चमचे' म्हटलं की त्याचा दुसरा च दात सोडून टाळूला चिकटतो. 'माझा'तला झ दातांशी, 'माझी'तला टाळूशी. पुढे ई, ए किंवा य आला की हे असं होतं. लिहिताना त्याची काही खूण नाही, शाळेत कुणी शिकवलं नाही, तरी घरात कुणी चुकत नाही. व्याकरणात पुढे या दातांशी होणाऱ्या उच्चाराचं 'दंततालव्य' असं भारदस्त नाव भेटलं. तेलुगूतही असे दोन च आहेत म्हणे ऐकून उगाच शेजारधर्म वाटला. छ बिचारा मात्र एकटाच.

'दंत' हा शब्द मला आजीमुळे कळला. दुपारी आडवं होताना ती कवळी काढून वाटीतल्या पाण्यात ठेवायची. चमच्यातला च म्हणजे जिभेनं दातांमागे हवा अडवायची आणि घासत सोडायची. दातच वाटीत, तर घासणार कशावर? मग तिच्या चटणीचा, चपलेचा च थेट चहाचा व्हायचा. आम्ही पोरं मुद्दाम विचारायचो, "आजी, पायात काय घालतात?" ती "चप्पल" म्हणायची आणि आम्ही ओरडायचो, "आजी हिंदी बोलली!" तीही बोळकं पसरून हसायची.

अशाच एका दुपारी शाळेतला नवा मित्र घरी आला. कवळी वाटीतच होती. आजीनं उशीवरूनच विचारलं, "जात कुठली रे तुझी?"

'घरी जात होतो' यातला ज दातांचा. हा टाळूचा, याला दात लागत नाहीत. शब्द अगदी स्वच्छ आला.

तो पाणी न पिताच गेला.