आमच्या फौंड्रीची वाळू कुठं जाते

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमची छोटी फौंड्री आहे, म्हणजे लोखंड वितळवून साच्यात ओतायचा कारखाना. विजेवर चालणारी पाचशे किलोची एक इंडक्शन भट्टी, साचे करायची म्हणजे मोल्डिंगची दोन मशीन, बावीस माणसं. सासऱ्यांनी उद्यमनगरात लेथवर राबून पैसे साठवले आणि ही उभी केली. २०२३ मध्ये ते गेले, तेव्हापासून मी बघते.

त्याच वर्षी दिवाळीच्या आधी आमच्या मोठ्या गिऱ्हाइकाकडून, म्हणजे ट्रॅक्टरचे भाग घेणाऱ्या कंपनीकडून, एक एक्सेल शीट आली. टनाला वीज किती, पाणी किती, कचरा किती निघतो, तो कुठं जातो, प्रदूषण मंडळाची संमती कधीपर्यंत आहे. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीनं २०२२-२३ पासून शेअर बाजारात नोंदलेल्या, बाजारमूल्यानं पहिल्या १००० कंपन्यांना पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा अहवाल सक्तीचा केला. त्यामुळे या कंपन्या आता माल पुरवणाऱ्यांकडूनही आकडे मागतात. बाकीचे रकाने मी कसेबसे भरले. 'कचरा कुठं जातो' इथं हात थांबला, कारण उत्तर मला ठाऊक होतं.

आमच्याकडं साच्यांना ग्रीन सँड, म्हणजे ओलसर वाळू वापरतात. सिलिका वाळू, बेंटोनाइट नावाची चिकट माती, कोळशाची पूड आणि पाणी. तीच वाळू पुन्हा पुन्हा मळून साचे करतात, पण वितळलेल्या लोखंडाला लागणारा थर दर वेळी जळतो. बेंटोनाइटची चिकटी जाते, बारीक धूळ वाढते, कास्टिंगला, म्हणजे ओतलेल्या भागाला, ब्लोहोल (हवेची भोकं) पडायला लागतात. मग तेवढी वाळू काढून नवी घालायची. काढलेली काळी वाळू वर्षानुवर्षं एक ट्रॉलीवाला न्यायचा आणि सखल रानात, जुन्या खाणीत, ओढ्याकडेच्या खड्ड्यात टाकायचा. खेपेमागं पैसे आम्हीच द्यायचो. पुढचं कुणी विचारत नव्हतं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये महापूर आला. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट आहे, त्या वर्षी पाणी ५५ फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग कितीतरी दिवस बंद होता. पाणी ओसरल्यावर माझ्या माहेरच्या भावकीतले एक काका कारखान्यात आले. त्यांची जमीन नदीकाठी, ओढ्याला लागून. हातात खताची पिशवी होती, तीत उसाच्या सरीतून खरवडलेली काळी वाळू. आवाज न चढवता त्यांनी सासऱ्यांना विचारलं, "पाव्हणं, ही तुमच्यातलीच न्हवं का?" सासरे काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी चार माणसं आणि ट्रॅक्टर पाठवून त्यांनी ते रान साफ करून दिलं. पण ट्रॉलीवाला पुढच्या महिन्यात पुन्हा आला, आणि वाळू पुन्हा गेली. ती पिशवी मला त्या रकान्यापाशी आठवली.

संमतीचे कागद नीट करून घ्यायला एका सल्लागाराला गाठलं. त्यानं आठवड्यात फाइल करून दिली. उघडून बघते तर नकाशा दुसऱ्याच कुठल्या तरी शेडचा, भट्टीही दोन टनांची! पैसे गेले ते गेले. पुढचं सगळं मी आणि आमचा अकाउंटचा मुलगा, आम्ही दोघांनी केलं.

सगळ्यात जास्त वेळ नावानं खाल्ला. फर्म सासऱ्यांच्या नावावर होती, आणि एकल मालकीत उद्यम नोंदणी (लहान उद्योगांची सरकारी नोंदणी) मालकाच्या आधार आणि पॅनवर असते. ती माझ्या नावानं नव्यानं काढली, जीएसटी नंबर नवा घेतला, वीजजोडणीचं नाव बदललं. मग संमतीपत्र. १९७४ चा जल कायदा आणि १९८१ चा वायू कायदा, या दोन्हींखाली मंडळाची संमती लागते, आणि घातक कचऱ्याची परवानगीही आपल्याकडं त्याच कागदात येते. प्रदूषणावरून उद्योगांची लाल, नारिंगी, हिरवी अशी रंगांनुसार वर्गवारी आहे. आमच्यासारखी लहान फौंड्री नारिंगीत मोडते. जुना कागद नीट वाचला तर त्यात महिन्याला ३० टन उत्पादन लिहिलेलं. आम्ही ५५ टन काढत होतो. हे लपवून नुसतं नाव बदलून घ्या, असं दोघा-तिघांनी सुचवलं. मी खरा आकडा लिहिला. फी भांडवली गुंतवणुकीवर ठरते, त्यासाठी सीएचा दाखला लागला. शंका आल्या, उत्तरं दिली, पुन्हा आल्या. चार महिने गेले.

पाहणीला आलेल्या साहेबांनी भट्टीच्या आधी ऑइलचे कॅन कुठं आहेत ते विचारलं. मशीनचं जळकं ऑइल आमच्याकडून सेंट्रिंगवाले न्यायचे, फळ्यांना लावायला. २०१६ च्या नियमांप्रमाणे ते घातक कचऱ्यात येतं. अधिकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यालाच द्यायचं, सोबत मॅनिफेस्ट (कचरा कुठून कुठं गेला त्याचा कागद) भरायचा, आणि वर्षाचा हिशेब ३० जूनपर्यंत फॉर्म ४ मध्ये द्यायचा. पर्यावरण विवरणपत्राची तारीख ३० सप्टेंबर. दोन्ही तारखा मी ऑफिसच्या कॅलेंडरवर लाल पेननं घातल्यात. हे काम अवघड नाही, फक्त कुणीतरी आपलं म्हणून घ्यावं लागतं.

संमती हातात आल्यावर झेड या लहान उद्योगांसाठीच्या केंद्र सरकारच्या प्रमाणपत्राचा अर्ज केला. 'झिरो डिफेक्ट झिरो इफेक्ट', म्हणजे मालात दोष नको आणि निसर्गाला इजा नको. २०२२ पासून या योजनेत ब्राँझ, सिल्व्हर, गोल्ड अशा तीन पायऱ्या आहेत. सूक्ष्म उद्योगाला फीमध्ये ८० टक्के सूट आहे, महिलेच्या मालकीच्या उद्योगाला पूर्ण माफी. उद्यम नोंदणी आधी माझ्या नावावर झाली, म्हणून ती मिळाली. शपथ घेतली, फोटो-कागद चढवले, ब्राँझ आलं. पण ब्राँझच्या पाच निकषांत नेतृत्व, स्वच्छता, सुरक्षितता, दर्जा, वेळेत माल एवढंच येतं. ऊर्जा आणि पर्यावरण हे निकष सिल्व्हरच्या चौदांत आहेत. माझ्या मते लहान उद्योगाची खरी परीक्षा तिथं सुरू होते, आणि बरेच जण ब्राँझचा कागद भिंतीला लावून थांबतात याचं वाईट वाटतं.

सिल्व्हरसाठी मोजमाप हवं होतं. आमच्याकडं अख्ख्या कारखान्याचं एकच वीजबिल. भट्टीला वेगळा मीटर बसवला आणि प्रत्येक हीटला, म्हणजे भट्टी भरून वितळवायच्या प्रत्येक खेपेला, वही धरली. पहिल्या महिन्यात टनाला ७१० युनिट आले. आमचे भट्टीवाले मामा वीस वर्षं तिथं उभे आहेत. ते वही बघून म्हणाले, "वैनी, भट्टी खात न्हाई, थांबवणं खातंय." बरोबर होतं. लोखंड तयार व्हायचं आणि साचे तयार नसायचे, तोवर झाकण उघडं ठेवून वीज चालूच. रनर-रायझर, म्हणजे भागाला चिकटून येणारं जादा लोखंड, वाळूसकट परत भट्टीत पडायचे. ती वाळूही तापवायची, मग स्लॅग (वर तरंगणारा मळ) म्हणून काढून टाकायची. आता साचे लागल्याशिवाय भट्टी चढत नाही, झाकण बंद असतं, परतीचा माल शॉट ब्लास्ट करूनच, म्हणजे छर्‍यांच्या मार्‍यानं वाळू झाडूनच आत जातो. आकडा ६४० वर आलाय. नवं मशीन एकही घेतलं नाही.

वाळूचंही तेच केलं. गेटबाहेर जाणारी प्रत्येक ट्रॉली वजनकाट्यावर न्यायला लावली. पहिल्या महिन्यात ४१ टन भरली. पावत्या टेबलावर मांडून बघितल्या तेव्हा मला काकांची पिशवी किती लहान होती ते कळलं. शेकआउटजवळ, म्हणजे साचे फोडून भाग काढतात तिथं, चाळणी आणि मॅग्नेट बसवला. ढेकळं फोडून, लोखंडाचे थेंब काढून चांगली वाळू परत मिक्सरला जाते. आता महिन्याला २६ टन निघते. तिचा नमुना प्रयोगशाळेत तपासून घेतला, आणि ती पेव्हर ब्लॉकवाला सिमेंटमध्ये काही प्रमाणात मिसळतो. तो किती घेतो याची सहीची पावती मी ठेवते. एक्सेलच्या त्या रकान्यात आता त्याच्या कारखान्याचं नाव आहे.

सिल्व्हरची प्रत्यक्ष तपासणी पुढच्या महिन्यात आहे. कोअरच्या, म्हणजे भागात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवतात त्या ठोकळ्यांच्या, वाळूचा प्रश्न मात्र सुटलेला नाही. ती फिनॉलिक रेझिन या रासायनिक डिंकानं बांधलेली असते, त्यामुळे साध्या वाळूत मिसळू द्यायची नाही असं मी ठरवलंय. शेकआउटला कोअरचे तुकडे वेगळे वेचायला दोन बायका लावल्या आहेत. काँक्रीटच्या ओट्यावर ढीग केलाय, वर पत्रा घातलाय, पावसाचं पाणी लागू नये म्हणून कडेनं दोन विटांचा बांध आहे. तिचा नमुना वेगळा पाठवलाय. रिपोर्ट येईपर्यंत त्यातली एक पाटीसुद्धा गेटबाहेर जाणार नाही, असं ट्रॉलीवाल्याला सांगून ठेवलंय.