पेटालुमाहून निघालेली तीन पत्रं

वॉशिंग्टनमधले तीन दिवस स्मारकं आणि रांगा यांतच गेले, त्यांच्याबद्दल लिहिण्यासारखं फारसं नाही. लिहायचंय ते राष्ट्रीय टपाल संग्रहालयाबद्दल. मेट्रोच्या रेड लाइनने युनियन स्टेशनला उतरलं की शेजारीच शहराच्या जुन्या टपाल कार्यालयाची इमारत आहे, तिच्यातच हे संग्रहालय. तिकीट नाही, धक्काबुक्कीही नाही.

मधल्या उंच दालनात टपालाची तीन जुनी विमानं टांगलेली आहेत. येणाऱ्यांची नजर बंद केबिनच्या स्टिन्सनवर जाते, आणि सगळ्यात जुनं वायझमन-कुक तसंच राहून जातं. याचं मला फार वाईट वाटलं.

फ्रेड वायझमन मोटारशर्यतींतला चालक. राइट, फार्मन आणि कर्टिस या सुरुवातीच्या विमानकर्त्यांच्या विमानांतलं थोडं थोडं उचलून त्याने साथीदारांबरोबर हे द्विपंखी विमान बांधलं. खालून पाहिलं की सगळी बांधणी दिसते. लाकडी सांगाडा, त्यावर कापड, दोन पंखांमध्ये उभे दांडे आणि दांड्यांच्या चौकटीत तिरप्या ताणलेल्या तारा. अशा विमानांत लाकूड दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, आणि तारांचा ताण बदलतो. एका बाजूची तार ढिली पडली की पंखाला पीळ बसतो आणि विमान एका अंगाला ओढू लागतं. मग टर्नबकल, म्हणजे तार ताणायचा आट्यांचा जोड, पिळून ताण पुन्हा सारखा करायचा. प्रोपेलर उघड्यावर बसलेल्या वैमानिकाच्या मागे असल्यामुळे पुढून सुटलेला नट किंवा तारेचा तुकडा थेट त्यातच जाणार. त्यामुळे एकेक जोड हाताने तपासल्याशिवाय उडण्यात अर्थ नव्हता.

१७ फेब्रुवारी १९११ रोजी वायझमन कॅलिफोर्नियातल्या पेटालुमाहून सांता रोझाला निघाला. बरोबर तीन पत्रं, वर्तमानपत्रांचा गठ्ठा आणि थोडा किराणा. वाटेत इंजिनाने दगा दिला आणि चिखलाच्या शेतात उतरावं लागलं. एवढ्याशा ताकदीच्या इंजिनाला रुतलेली चाकं ओढत उड्डाणाचा वेग गाठणं अवघडच. सांता रोझाला पोचायला १८ तारीख उजाडली.

त्याच १८ तारखेला आपल्याकडे अलाहाबादच्या प्रदर्शनातून हेन्री पेके हंबर कंपनीच्या द्विपंखी विमानातून सुमारे ६,५०० पत्रं घेऊन उडाला, आणि यमुना ओलांडून तेरा-एक मिनिटांत नैनीला उतरला. त्या पत्रांसाठी किरमिजी शाईचा खास शिक्का होता, जादा हशील सहा आणे. पेटालुमाचं उड्डाण एक दिवस आधी सुरू झालं, हे मान्य. पण टपाल खात्याने रीतसर शिक्का मारून हजारोंनी पाठवलेली पत्रं अलाहाबादचीच, म्हणून पहिल्या अधिकृत हवाई टपालाचा मान मी निःशंकपणे त्यांनाच देतो.

तरीही इथे आलात तर आधी वायझमनच्या विमानाखाली उभे राहा. एकच तार निवडा आणि ती कुठून निघून कुठल्या दांड्याला जाते ते शोधा. मध्येच ती दुसऱ्या तारांमागे दिसेनाशी होते, मग दोन पावलं सरकून पुन्हा सुरुवात करावी लागते.